पिवळ्या पट्ट्या

काकूंचा, म्हणजे आमच्या साहेबांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी मिलच्या कँटीनमध्ये मोठेपणा करत बसलो होतो. दोन नवे इंजिनियर नुकतेच रुजू झाले होते. वाफेचा पाइप तापल्यावर कसा लांबतो, कसा ढकलतो, हे मी त्यांना चमचा आणि पोह्यांची बशी पुढं घेऊन समजावत होतो. ते माना डोलवत होते. मीही एके काळी अशीच मान डोलवली होती, त्यामुळे त्यांना काहीएक कळत नाहीये हे मला पक्कं ठाऊक होतं.

"भाऊ, तुमी एकडाव बीबीले येऊन जा," काकू म्हणाल्या. "साहेबाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तं आता पाय वाकवूनच नाई राह्यले. व्यायाम शिकवाले मेहकरहून एक पोरगी येते, तिले काल हाकलून देल्लं. डॉक्टर म्हणतात, या दिवसांत नाई वाकला तं मंग कायमचा ताठ. माहं तं काही ऐकतच नाईत. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! मला हसू आलं. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली काढली, त्यांनी माझं एकदा तरी ऐकल्याचं मला आठवत नाही. मी एकदा त्यांना न विचारता स्वतःच्या अकलेनं वागलो होतो, आणि ती गोष्ट आमच्या मिलमध्ये नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितली जाते. पण काकूंचा आवाज बरा नव्हता. "उद्याच येतो," म्हणालो, आणि फोन ठेवला. साहेबांचा गुडघा! माझं इंजिनियरिंगचं शिक्षण कॉलेजात झालं असं देऊळघाटला माझ्या वडिलांना वाटतं, कारण वांगी-कोथिंबीर विकून फी त्यांनी भरली. खरं शिक्षण झालं ते साहेबांच्या त्या गुडघ्यावर.

साहेब म्हणजे खामगावजवळच्या आमच्या तेलमिलचे चीफ इंजिनियर. रिटायर होऊन आता आपल्या गावी, बीबीला, राहतात. उंच, हडकुळे, आणि आवाज असा की बॉयलरची शिट्टी बिघडली तरी काम अडणार नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, खडू असायचा. कपडे धुताना तो खडू विरघळायचा, त्यामुळे त्यांच्या सगळ्या शर्टांचे डावे खिसे पांढरट झाले होते.

त्यांचं एकच म्हणणं होतं. लोखंडाला जागा द्या. तापन तं वाढन, वाढन तं ढकलन, आणि त्याले जागा नाई देल्ली तं ते आपली जागा सोताच करन. हे ते पाइपबद्दल बोलायचे, पण वागायचे सगळ्याच बाबतीत तसं. खुर्ची भिंतीपासून एक वीत लांब. टेबल एक वीत. ऑफिसातली कपाटंसुद्धा एक वीत पुढं ओढलेली. ती वीत ते स्वतःच्या पंजानं मोजायचे आणि त्यांचा पंजा भलताच मोठा होता. त्या फटीत माझी पेनं पडली, डब्याची झाकणं पडली, एकदा लग्नासाठी आलेला एका मुलीचा फोटो पडला. कपाट हलवायची सोय नव्हती, म्हणून मी तो काठीनं काढायला गेलो तर तो आणखी आत गेला. त्या मुलीचं पुढं दुसरीकडे जमलं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. तिले जागा भेटली."

माझं लग्न अखेर देऊळघाटलाच झालं. मे महिना, वर पत्र्याचा मांडव. साहेब आले ते पाना घेऊनच आले आणि नवरदेवाला भेटायच्या आधी शिडीवर चढून मांडवाचे बोल्ट सैल करत सुटले. सासरचे लोक मला विचारत होते, हा मांडववाल्याचा माणूस का? मी नवा जावई, काय सांगणार! मानेनं हो म्हणालो. मंगलाष्टकाच्या फोटोत सगळे आमच्याकडे बघतायत, एकटे साहेब वर पत्र्याकडे. नंतर येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "पाह्यलं? एक आवाज आला का पत्र्याचा?" आहेर म्हणून त्यांनी पितळी बिजागऱ्यांची जोडी दिली होती. माझी बायको अजून पाहुण्यांना ती दाखवते आणि सांगते की आमच्या लग्नात दार सोडून बाकी सगळं आलं होतं.

मिलमध्ये रुजू झालो तो पहिला दिवस तर मी विसरूच शकत नाही. नवा कडक इस्त्रीचा शर्ट, अंगात डिग्रीची मस्ती. पाइपांच्या रांगेजवळ एका लोखंडी तुळईवर मी ऐटीत हात टेकून उभा होतो. तुळईवर वाफेच्या पाइपाचा पाया, म्हणजे पाइपाला खालून जोडलेला लोखंडी पाट, टेकलेला होता, त्याच्या अगदी समोर माझी बोटं.

"हात काढ बे! पाइप येऊन राह्यला!"

असा आवाज आला की मी उडालोच. वळून गेटकडे बघायला लागलो, पाइप घेऊन ट्रक कुठून येतोय ते कळेना. फिटर आणि हमाल पोट धरून हसत होते. साहेबांनी माझं मनगट धरून मला परत तुळईपाशी आणलं आणि बोटानं दाखवलं. पायाच्या कडेला खडूची एक रेघ होती, ती गार रेघ. तिच्या थोडं पुढं दुसरी, ती गरम रेघ. वाफ नुकतीच सोडली होती. पाया गार रेघ सोडून गरम रेघेकडे निघाला होता, पण इतक्या सावकाश की आमचा चहा येऊन, पिऊन, कप परत गेले तरी तो पोचला नव्हता. पोचला तेव्हा मात्र बरोबर रेघेवर थांबला. साहेबांनी ती रेघ आदल्या दिवशी हिशेब करून मारून ठेवली होती. "इतक्या हळू येतो तं ओरडता काऊन, साहेब?" मी विचारलं. "हळू येते त्याच्याखालीच बोट सापडते," ते म्हणाले.

त्या एका ओरडण्यानं मी मिलभर प्रसिद्ध झालो. पुढं कित्येक दिवस मी कँटीनमध्ये बाकावर हात टेकला की कुणीतरी लांबून तेच ओरडायचं.

बिजागरीचा सांधा मी पहिल्यांदा पाहिला तो आमचा नवा पाइप टाकायचं ठरलं तेव्हा. बॉयलरपासून निघून, रस्त्यावरून जाऊन, काटकोनात वळून तेल काढायच्या खात्यात जाणारा लांबलचक वाफेचा पाइप. तो तापून वाढणार, ती वाढ जिरवायची कुठं? मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे ऐटीत सांगितलं, की सरळ पाइपात बेलो बसवू. बेलो म्हणजे पातळ स्टीलची, पेटीच्या भात्यासारखी चुण्याचुण्यांची नळी. पाइप वाढला की ती दबते, आखडला की उघडते.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् आतली वाफ काय करन?"

मी पुस्तकातलं पुढचं पान आठवायला लागलो.

"वाफ त्या भात्याले फुगवून लांब कराले पायन. दोन्हीकडचा पाइप बाहेर ढकलन. त्याले धराले दोन्ही टोकांवर पैलवान खांब पायजेत. आपले खांब कसे हायेत?"

आमचे खांब तिथं कापसाचं जिनिंग चालायचं त्या काळातले, विटांचे. त्यांच्यावर कावळा जोरात बसला तरी चुना पडायचा.

"म्हणून बिजागरी," साहेब म्हणाले आणि खुर्चीतून उठले. भात्याच्या दोन्ही अंगांना जाड लोखंडी पट्ट्या, त्या मधोमध पिनेनं जोडलेल्या. वाफेची ओढ त्या पट्ट्या आणि पिना आपल्या अंगावर घेतात, खांबांना त्रास नाही. भाता आता लांबत नाही, आखूडही होत नाही. फक्त वाकतो, तोही एकाच दिशेनं, दरवाजासारखा. "पण एक बिजागरी म्हणजे निस्ता दरवाजा. उघडन अन् बंद होईन. वाढलेला पाइप घेऊन त्यो जाईन कुठं? तीन लावा. मंग तिचा पाय होते."

आणि साहेबांनी पाय उचलून दाखवला. "ही एक," कमरेखाली खुब्यावर थाप. "ही दोन," गुडघ्यावर. "ही तीन," घोट्यावर. "वाफ आली!" असं म्हणून ते सरळ उकिडवे बसले. डोकं खाली आलं, पावलं जागच्या जागी, तीन सांधे थोडे थोडे वाकले आणि वरची सगळी उंची मधे जिरून गेली. "गार झालं!" म्हणून उठले. "तिन्ही पिना एका दिशेनं पायजेत, हे ध्यानात ठेव. एक जरी फिरवली..." असं म्हणत त्यांनी एक पाऊल आडवं करून बसायचा प्रयत्न केला आणि धाडकन माझ्या अंगावर पडले. "पाह्यलं?" खालूनच म्हणाले. पाइप आडवा सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी तुकडे लावतात, त्यांना गाइड म्हणतात. त्या दिवशी गाइडचं काम माझ्या बरगड्यांनी केलं.

हे उठणं-बसणं त्यांनी कुणापुढं केलं नाही! मिलच्या मालकांपुढं, शेठजींपुढं केलं, बँकेच्या साहेबांपुढं केलं. बँकेच्या साहेबांपुढं "वाफ आली" म्हणून बसले तेव्हा पँटची मागची शिवण चर्रकन उसवली. साहेब उठले, समजावणं पूर्ण केलं, आणि निरोप घेऊन तोंड पाहुण्यांकडेच ठेवून, पाठमोरं न होता, दारापर्यंत मागं मागं चालत गेले. मी त्यांच्या मागून चालायला लागलो, झाकायला म्हणून, आणि दोघंही कपाटामागच्या फटीत अडकलो.

आता माझ्या अकलेची गोष्ट.

पाइप उभा राहिला, तीन सांधे बसले, वेल्डिंग झालं. सगळं माझ्या देखरेखीखाली, कारण साहेब नवरात्रात बीबीला जायचे आणि कोजागिरी झाल्याशिवाय यायचे नाहीत. हे सांधे कारखान्यातून येताना त्यांच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, भडक पिवळ्या रंगाच्या. ट्रकमध्ये गचके बसून चुण्या दुखावू नयेत म्हणून. सांधा जागेवर बसला की त्या पट्ट्या कापून टाकायच्या. तोवर ती बिजागरी नसतेच, लोखंडाचा ठोकळा असतो. रंग पिवळा देतात तो लांबून दिसावा आणि काढायला कुणी विसरू नये म्हणून. हे सगळं मला पाठ होतं. साहेबांनी बीबीहून फोन करून विचारलंही होतं. "खंडेनवमी झाली की कापतो," मी म्हणालो.

खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा. शेठजींच्या आई तबक घेऊन स्वतः फिरतात. बॉयलर काळा, पंप करडे, मोटारी तेलकट. आणि वर बघतात तर तीन सांध्यांवर हळदीच्या रंगाच्या लखलखीत पट्ट्या! बाईंना वाटलं, कुणा श्रद्धाळू माणसानं आधीच हळद लावून ठेवली. "कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आता खरं सांगायचं सोडून मी काय करावं? मी हात जोडले. बाईंनी शेठजींना सांगितलं, शिकलेला असून पोराला संस्कार आहेत. मग फिटरला शिडीवर चढवून त्यांनी प्रत्येक पट्टीला कुंकू लावायला लावलं, झेंडूची माळ घातली आणि लाल-पिवळा नाडा बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी फिटर ग्राइंडर घेऊन शिडीवर गेला आणि तसाच खाली आला. "साहेब, मी नाई चालवत. आईसाहेबाचा नाडा हाय त्याच्यावर."

"मग सोड ना तो नाडा."

"तुमी सोडा."

मी ऐटीत वर गेलो. नाड्याला हात घातला आणि काढून घेतला. एकीकडे शेठजींच्या आईनं केलेलं कौतुक, दुसरीकडे चार वर्षांचं इंजिनियरिंग. कौतुक जड निघालं. "राहू दे," मी खाली येऊन म्हणालो. "माळ सुकली की काढू."

माळ सुकली. पण मधल्या काळात दवानं कुंकू ओघळून पट्ट्या अगदी कळकट दिसायला लागल्या, आणि शेठजी पाहुण्यांना नवा पाइप दाखवायला आणणार होते. म्हणून मी काय केलं? रंगारी बोलावला आणि पट्ट्यांना पुन्हा पिवळा रंग दिला. चांगला दोन हातांचा. नाड्यासकट.

साहेब आले ते वाफ सोडायच्याच दिवशी. सोयाबीन यायला लागलं होतं, गेटबाहेर गाड्यांची रांग होती, शेठजी घाईवर होते. साहेबांचा गुडघा तेव्हा दुखायला लागला होता. "वरचं तू पाह्यलं ना?" त्यांनी विचारलं. "हो साहेब." ते शिडी चढले नाहीत. खालच्या खालीच खांबाखांबावर गार रेघ, गरम रेघ मारत लंगडत फिरले. रंगानंतर पाइपावर पत्र्याचं वेष्टण चढलं होतं, त्याच्या कडेतून पट्ट्या जेमतेम डोकावत होत्या, माळा ताज्या होत्या तेव्हा त्यांनी बघितल्या नव्हत्या, आणि खालून पाहणाऱ्याला पिवळं म्हणजे सणाचं काहीतरी एवढंच दिसत होतं.

वाफ सोडली. आम्ही सगळे रेघेकडे बघत उभे. पाइप तापत गेला. साहेबांनी उघड्या जागी उलटा हात टेकवून पाहिला आणि चटकन काढला. पाया गार रेघेवर होता. चहा आला, गेला. पाया गार रेघेवर.

साहेबांचा चेहरा उतरला. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण त्या वेळी हळू बोलला. "पाइप तापला अन् हलला नाई?"

मला वाटलं, बरंच आहे की, किती मजबूत काम केलंय आपण. तेवढ्यात बॉयलरकडच्या विटांच्या खांबातून कर्रर्र आवाज आला आणि वरून चुना पडला. त्या खांबाच्या सावलीत हमाल बिड्या ओढत बसले होते. "उठा! उठा तिथून!" साहेब असे ओरडले की ती माणसं चपला टाकून पळाली. मग दुखऱ्या गुडघ्यानं धावत जाऊन त्यांनी स्वतः वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. खांब कलला होता, पडला नव्हता.

साहेब शिडी चढून वर गेले. एकेक पायरी, दात आवळून. मी मागोमाग. वर ती ताजी पिवळी पट्टी, रंगात चिकटलेला नाडा आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. मी शिव्यांची वाट बघत मान खाली घातली.

"रंग कोणी देल्ला?"

"मी, साहेब."

"चांगला देल्ला," ते म्हणाले.

मग त्यांनी पट्टीला हात जोडले, रंगानं कडक झालेला नाडा नखानं सोडवला आणि माझ्या मनगटाला बांधला. "पूजेची गरज इथं हाय," एवढंच बोलले. फिटरनं पट्ट्या कापल्या. खांबाला टेके लावून पुन्हा वाफ सोडली. आणि तो सगळा पाइप, इतका अवजड, उकिडवं बसायला निघालेल्या माणसासारखा तीन ठिकाणी हळूहळू वाकला. पाया गार रेघेवरून सुटला. कुणाचाही हात समोर नव्हता, तरी साहेब रेघेकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "हात काढ बे, पाइप येऊन राह्यला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं लाजेचं.

त्या शिडीनंतर त्यांचा गुडघा कधी धड झाला नाही. हे मी बोलून दाखवलं की ते खेकसायचे, "माहा गुडघा हाय, तुले काय श्रेय घ्यायचं?"

तर अशा माणसाला मी समजावायला निघालो होतो. मेहकरवरून गाडीनं जाताना वाटेत मी मनात चांगलं भाषण जुळवलं. बीबीला पोचलो, दारातून आत शिरलो आणि भाषण विसरलो. साहेब बाजेवर बसले होते, बाज भिंतीपासून एक वीत सोडून, आणि डावा पाय पुढं ताठ, स्टुलावर. निम्मे झाले होते. मला रडूच यायला लागलं.

"काकूनं बोलावलं असन," ते म्हणाले.

"नाही साहेब, सहज आलो."

"खामगावहून बीबीले कोणी सहज येत नाई."

काकूंनी पाणी आणलं. मी गुडघ्याबद्दल विचारलं आणि साहेबांचा बांध फुटला. डॉक्टर चांगला आहे म्हणाले, पण काम बरोबर नाही. "मी त्याले इचारलं, पिन कोणत्या दिशेनं टाकली? तं म्हणते, पिन नसतेच. अरे, बिनपिनेची बिजागरी! मंग ओढ कोण घेते? तं म्हणते, तुमच्याच शिरा घेतात. माह्या शिरा! त्या सत्तरीच्या झाल्या! वाकवला अन् आडवा गेला तं? ती पोरगी येते अन् म्हणते, वाकवा काका, काही होत नाई. तिचं काय जाते?"

आवाज तोच होता, पण बोलताना त्यांचा हात गुडघ्यावरून हलत नव्हता. तेव्हा मला कळलं. या माणसाला भीती वाटत होती. ज्यानं पडायला आलेल्या खांबाकडे धाव घेतली, तो स्वतःच्या गुडघ्याला भीत होता. आणि काकू दाराशी उभ्या राहून पदर तोंडाला लावत होत्या.

पायावर मांडीपासून पोटरीपर्यंत निळ्या कापडाचा पट्टा आवळलेला होता. दवाखान्यातून घरी येताना घालतात तो. मी वाकून पाहिलं तर कापडाच्या आत, गुडघ्याच्या दोन्ही अंगांना, लोखंडी पट्ट्या शिवलेल्या. मला हसू फुटलं, आवरेचना.

"काऊन हसून राह्यला बे?"

"साहेब, पट्ट्या."

"कोणत्या?"

"ह्याच. सांधा बसला. टाके निघाले. गाडीतून घरी येऊन किती दिवस झाले. आणि तुम्ही अजून पट्ट्या ठेवल्या."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच पट्ट्याच्या वरच्या टोकाला हात लावला. तिथं एक लाल-पिवळा नाडा बांधलेला होता.

"हे तुह्या काकूनं बांधलं हाय. देवीचा हाय," ते म्हणाले, माझी नजर चुकवून. "तो कसा सोडता?"

मी काही बोलायच्या आत काकू पुढं आल्या. "म्या बांधला, तं म्या सोडते!" आणि त्यांनी खरंच दातानं गाठ सोडवली. नाडा त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो मुकाट्यानं मनगटाला बांधला, कारण त्याची जागा मला ठाऊक होती. साहेब ते पाहून पहिल्यांदा हसले.

मी निळा पट्टा काढला, पाय हळूच स्टुलावरून उतरवून पाऊल फरशीवर टेकवलं. काकूंच्या नातीची दप्तराची पेटी कोपऱ्यात होती, तिच्यातून खडू घेतला आणि टाचेमागं रेघ मारली. "गार रेघ," मी म्हणालो. मग खाली मांडी घालून बसलो आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना माझे पंजे धरले. "हे गाइड. आडवा जाऊ देणार नाही. पाऊल फक्त मागं ओढायचं, बाजेखाली."

"तुह्या भरवशावर एकदा सोडलं होतं वरचं," साहेब म्हणाले.

"म्हणूनच या वेळी खाली बसलोय," मी म्हणालो.

त्यांनी बाजेचं लाकूड घट्ट धरलं. कपाळावर घाम आला. गुडघा माझ्या पंजांमध्ये थरथरत होता, इतका की मलाच भीती वाटली. मग टाच फरशीवर खरखरली. तोंडानं ते मला, डॉक्टरला, मेहकरच्या पोरीला आणि देऊळघाट गावाला शिव्या देत होते, आणि टाच रेघेवरून सुटली. बोटभर. फार तर बोटभर.

"काकू, सुटली!" मी ओरडलो. काकू रडत होत्या आणि फरशी खराब झाली म्हणून मला बोलतही होत्या.

साहेब धापा टाकत होते. थोडं थांबून म्हणाले, "गरम रेघ मार."

मी खडू घेऊन वाकलो आणि टाचेच्या जरा मागं रेघ मारायला गेलो. "ती काय रेघ हाय? अजून मांग." मी मागं सरकलो. "अजून." आता मला बाजेखाली शिरावं लागलं. "अजून मांग बे!" पोट फरशीला, डोक्यावर बाजेची दोरी, तोंडाजवळ जळमटं. पुढं शिरलो तर कपाळ भिंतीला आपटलं.

"साहेब, भिंत आली!"

"भिंतीपासून एक वीत सोड अन् मार."

मी माझी वीत टाकली. "माही वीत!" वरून आवाज आला. मी अंदाजानं वाढवली, आणि रेघ मारायला हात फरशीवर टेकवला. ती रेघ त्या टाचेपासून किती लांब होती! मला वाटलं, इतकी लांबची रेघ बघून यांचा धीर खचेल, थोडी अलीकडे मारावी, यांना कुठं दिसतंय. तोच वर बाज करकरली. या वेळी गुडघ्याला कुणाचे हात नव्हते. फरशीवर खरखर, खरखर असा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

"हात काढ बे," साहेब दात आवळून म्हणाले. "पाइप येऊन राह्यला."